दोन माणसांची कोठी

सत्तावीस वर्षं मस्कतला नोकरी करून अब्दुल्ला दिवाळीच्या तोंडावर पनवेलला कायमचा परतला. बॅगा दिवाणखान्यात टेकवल्या, आंघोळ केली, आणि दर सुट्टीत करायचा तसाच स्वयंपाकघराला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीचं दार उघडून उभा राहिला. त्या खोलीला त्याची बायको सफूरा कोठी म्हणायची. सोड्यांची, म्हणजे सोललेल्या सुक्या कोळंबीची, बरणी गळ्यापर्यंत भरलेली, शेजारी सुकट, सुके बोंबील, आंबोशी, साजूक तुपाचा डबा, काजू, तांदळाच्या पिठाचे दोन मोठे डबे आणि खाली कोपऱ्यात नारळांची रास. अब्दुल्लाने 'माशाअल्लाह' म्हटलं आणि दार अलगद ओढून घेतलं. परमुलखात काढलेली सत्तावीस वर्षं त्या फळ्यांवर ओळीने मांडून ठेवलेली आहेत, असं त्याला दर वेळी वाटायचं.

या विषयातलं आपल्याला कळतं, अशी त्याची खात्री होती आणि ती अगदीच पोकळ नव्हती. मस्कतजवळच्या एका बांधकाम कंपनीच्या कॅम्पात सहाशे मजूर जेवायचे. त्यांच्या खानावळीचं स्टोअर अब्दुल्लाच्या ताब्यात होतं. सहाशे माणसांना आठवड्याला कांदा किती लागतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो बिनचूक सांगे. दोन माणसांना किती लागतो हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

पहिला महिना मोठ्या मजेत गेला. सोड्यांचं कालवण झालं, वडे झाले, नातलग येऊन खाऊन गेले. मुलगा अरीब पुण्याहून दोन दिवस येऊन गेला. मुलगी यूम्ना जवळच्या ओवे गावात दिलेली, ती छोट्या अलिनाला घेऊन राहून गेली. मग घरात दोघंच उरली. डिसेंबरातल्या एका सकाळी अब्दुल्लाने सहज कोठी उघडली आणि तो जागीच थबकला.

सोड्यांच्या बरणीचा तळ दिसत होता. काजूंचा डबा घासून पालथा घातलेला. तुरीची डाळ अर्धी बरणी, मूग त्याहून कमी, तांदूळ असतील चार-पाच किलो. मिठाची एक पुडी. आणि सगळ्यात वरच्या फळीवर साबणाची एक वडी. फक्त एक. कॅम्पातलं स्टोअर असं दिसलं असतं, तर त्याने फोनवर आरडाओरडा करून अर्धं मस्कत हलवलं असतं.

त्याने मनाशी तर्क केला. आपला पगार थांबला, तेव्हापासून सफूरा पोटाला चिमटा काढून घर चालवतेय आणि आपल्याला कळू देत नाही. एकदा असं मनात आल्यावर त्याला पुरावेही भराभर सापडत गेले. सफूरा चहात साखर घालत नव्हती. संपत आलेल्या टूथपेस्टवर लाटणं फिरवत होती. रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकत होती. साखर तिने तीन वर्षांपूर्वीच डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडली होती. टूथपेस्टवर लाटणं ती लग्न झाल्यापासून फिरवत आली होती आणि फोडणीचा भात तिला आवडायचा. पण यातलं काहीच अब्दुल्लाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तिला सरळ विचारता आलं असतं. पण सत्तावीस वर्षं दर शुक्रवारी नमाजनंतर तो फोन करायचा, "काही हवंय का?" असं विचारायचा, आणि पलीकडून उत्तर यायचं, "काही नको. तुम्ही बरे आहात ना?" आताही तेच उत्तर येणार हे उघड होतं. तेव्हा विचारण्यात अर्थ नव्हता. काहीतरी करायला हवं होतं.

संधी आठवड्याभरातच आली. ओव्याला अलिनाला कांजिण्या आल्या आणि सफूरा पाच दिवसांसाठी लेकीकडे गेली. जाताना, कालवण फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावा, असं बजावून गेली. तिची रिक्षा वळणाआड गेली तसा अब्दुल्ला टेबलाशी बसला आणि त्याने यादी करायला घेतली. दुपारपर्यंत तिचे तीन कागद झाले.

मिरची गल्लीत कमलाकरशेठचं किराण्याचं घाऊक दुकान होतं. अब्दुल्लाने तांदळाचे दाणे दाताखाली चावून पाहिले, डाळ तळहातावर चोळून पाहिली, तेलाच्या डब्यांवरच्या तारखा वाचल्या. कमलाकरशेठ कौतुकाने बघत राहिले. असं जाणकार गिऱ्हाईक बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. मग त्यांनी यादी हातात घेतली.

"किती माणसं आहेत?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"नाही, म्हणजे कार्याला."

"कार्य नाही. घरचंच आहे. रोजचं."

कमलाकरशेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. तांदळाच्या चार गोण्या. तुरीच्या डाळीची एक आणि साखरेची एक. गोड्या तेलाचे दोन मोठे डबे. मिठाच्या दोन डझन पुड्या. साबणाचं अख्खं खोकं. वीस लिटर फिनेल. सहा झाडू. काडेपेट्यांचा मोठा गठ्ठा, आणि अब्दुल्लाच्या घरी तर शेगडी लायटरने पेटायची. शेठ व्यापारी असले तरी भले गृहस्थ होते. तांदळाची एक गोण नेऊन बघा, लागेल तशी दुसरी पाठवतो, असं त्यांनी एकदा सुचवून पाहिलं. त्यावर अब्दुल्लाने त्यांना समजावलं की स्टोअरमध्ये तीन महिन्यांचा माल नसेल तर ते स्टोअर नव्हे, नुसतं कपाट. इतक्या ठाम माणसापुढे शेठ तरी काय बोलणार? त्यांनी टेम्पो बोलावला.

दोन हमालांनी माल दुसऱ्या मजल्यावर चढवला, आणि पुढचे दोन दिवस अब्दुल्लाने आयुष्यातलं आपलं सगळं कसब त्या चिंचोळ्या खोलीत ओतलं. फळ्यांना नंबर दिले. प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत लेबल लावलं. जुना माल पुढे आणि नवा मागे, हा कॅम्पातला नियम. पण घरात जुना माल म्हणजे सफूराची ती अर्धी बरणी डाळ, तेव्हा वरातीपुढे एकटाच वाजंत्री चालावा तशी ती पुढच्या फळीवर उभी राहिली. इतकं करूनही सगळं मावेना. तांदळाच्या दोन गोण्या झोपायच्या खोलीत खिडकीखाली ठेवाव्या लागल्या. त्यांच्यावर त्याने फुलाफुलांची चादर अंथरली. लांबून पाहिलं तर बैठक वाटावी.

सफूरा परतली ती संध्याकाळी. चहा टाकायला म्हणून अब्दुल्लापुरती साखर काढायला गेली आणि कोठीच्या दारातच उभी राहिली. आत पाऊल ठेवायला जागाच नव्हती. तिने वळून अब्दुल्लाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, धास्ती होती.

"कोण येणार आहे?" तिने विचारलं.

कोणी नाही, आपल्यासाठीच आणलंय, असं तो म्हणाला. सफूराने खोलीभर नजर फिरवली. लेबलं वाचली. फिनेलचा कॅन पायाने जरा हलवून पाहिला, तो हलला नाही. मग ती झोपायच्या खोलीत गेली, चादर उचलून बघितली, त्या बैठकीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. का आणलंत, असं तिने विचारलं नाही. इतकी वर्षं गोण्यांत राहिलेला माणूस, त्याला गोण्यांवाचून करमत नसेल, अशी तिने आपली समजूत करून घेतली. आणि तिच्या हसण्याने अब्दुल्लाला उलट वाटलं की हिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

त्यानंतर सफूराला रोजचा खेळच मिळाला. सकाळी वाटी घेऊन ती कोठीच्या दाराशी उभी राहायची. "साहेब, दोन माणसांची डाळ मिळेल का? की आधी अर्ज करू?" अब्दुल्ला गंभीरपणे उठून डाळ मोजून द्यायचा. दोन माणसांना डाळ किती, याचा अंदाज त्याला नव्हताच, त्यामुळे पहिला आठवडाभर ती दोघं दोन्ही वेळा वरणच खात होती. समोरच्या बिऱ्हाडातल्या रमाताई एकदा वाटीभर साखर मागायला आल्या आणि वाटीभर साखर, साबणाच्या चार वड्या आणि एक झाडू घेऊन परत गेल्या. त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'काडेपेट्या हव्या असल्यास दोनशे दोनमध्ये विचारावे. नको असल्या तरी विचारावे.' अब्दुल्लाने त्याखाली पसंतीचा अंगठा टाकला. त्याला ती आपल्या व्यवस्थेची पावती वाटली.

जानेवारी सरता सरता एका सकाळी तो पेपर वाचत बसला असताना मथळ्यातलं एक टिंब चालायला लागलं. त्याने चष्मा वर-खाली करून पाहिलं. बारीक, काळा, पुढे सोंड असलेला किडा. दुसरा भिंतीवर होता. तिसरा, चौथा आणि त्यांच्यामागची सगळी रांग झोपायच्या खोलीतल्या त्या फुलाफुलांच्या बैठकीतून निघाली होती. तांदळाला पोरकिडे लागले होते. मस्कतचं स्टोअर एसीमुळे बारा महिने गार असायचं, तिथे त्याने या प्राण्याचं नुसतं नाव ऐकलं होतं. पनवेलची खाडीकाठची दमट हवा त्याने हिशोबात धरलीच नव्हती.

सफूराला कळू द्यायचं नाही, हे त्याने आधी ठरवलं. ती दुपारी जेवून दिवाणखान्यात झोपली तसा त्याने बादलीबादलीने तांदूळ गच्चीवर नेला. भर उन्हात चादरी पसरून त्यावर तांदूळ ओतला. डोक्याला रुमाल बांधला, मांडी घालून बसला आणि एकेक किडा चिमटीत धरून वेचायला लागला. तासाभरात त्याने हातभर जागा साफ केली. तेवढ्यात शेजारच्या चादरीवरचे किडे चालत तिथे आले.

रमाताई कपडे काढायला वर आल्या. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि तशाच खाली जाऊन दोनशे दोनची बेल वाजवली. भाभी, वर चला, भाईंनी बहुतेक पापड घातलेत, एवढंच म्हणाल्या.

सफूरा वर आली. अब्दुल्लाला वाटलं, आता ही हसणार. पण ती हसली नाही. घामाने चिंब झालेला, रुमाल बांधलेला, चिमटीत एक किडा धरून बसलेला आपला नवरा तिने बराच वेळ पाहिला. मग चादरीची कड दुमडून त्याच्या शेजारी बसली.

"तांदूळ कधी उन्हात घालतात का? कणी होते. सावलीत घालायचा," ती म्हणाली. "आणि असे वेचत बसलात तर अलिनाच्या लग्नापर्यंत उरकेल. एवढं का आणलंत? खरं सांगा."

अब्दुल्ला किड्याकडे बघत म्हणाला, "साबण एकच होता."

सफूराला काही उमगेना. तेव्हा त्याने एकेक करून सगळं सांगितलं. पालथा घातलेला काजूंचा डबा, बिनसाखरेचा चहा, लाटणं, फोडणीचा भात. तू काटकसर करतेस आणि मला सांगत नाहीस, असं वाटलं, म्हणाला.

"अहो, साबण एकच असतो," सफूरा म्हणाली. "एक मोरीत, एक फळीवर. फळीवरचा मोरीत गेला की दुसरा आणायचा. दुकान खाली आहे. किती वर्षं ही कोठी अशीच आहे."

"मी यायचो तेव्हा भरलेली असायची."

"तुम्ही यायचा म्हणून भरायचे."

मग तिने जे सांगितलं ते अब्दुल्लाने सत्तावीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. त्याची रजा मंजूर झाल्याचा फोन आला की ती दोन महिने आधीपासून जमवाजमव सुरू करायची. आज पावशेर सोडे, पुढच्या आठवड्यात काजू, मग तूप. पोरं डब्याला हात लावायला गेली की म्हणायची, अब्बांचं आहे, अब्बा आल्यावर. तो येईपर्यंत घरात डाळ-भात नि सुकट. तो गेल्यावर उरलंसुरलं आठवडाभर पुरायचं आणि पुन्हा डाळ-भात.

अब्दुल्लाला एक जुना फोन आठवला. अरीब तेव्हा आठ वर्षांचा असेल. अब्बा, मी तुमचे काजू खाल्ले, असं सांगून फोनवर हमसून हमसून रडला होता. अब्दुल्ला त्या वेळी हसला होता. खा की, त्यात काय रडायचं, असं म्हणाला होता आणि ही गंमत त्याने कॅम्पात सगळ्यांना सांगितली होती. आता ती आठवून त्याला हसू आलं नाही. त्याने समोरचे चार दाणे उगाच इकडून तिकडे केले.

"तुम्ही घर कुठे पाहिलंत?" सफूरा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "दर वेळी ईदच पाहिलीत."

"मग या वेळी का नाही भरलीस?"

"भरली होती की. महिनाभर रोज सोडे काढले. मनात म्हटलं, आता जातील, मग जातील." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "सवय हो. डिसेंबर लागला तेव्हा ध्यानात आलं, हे काही जात नाहीत. आता घरच्या माणसाला कोण रोज सोडे घालतं?"

अब्दुल्लाला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, तेच कळेना. पाहुणचार संपल्याची बातमी होती ती. पण दोन महिने तो जे वरण-भात खात होता, ते टंचाईचं नव्हतं, घरच्या माणसाचं होतं, एवढं त्याच्या डोक्यात हळूहळू शिरलं. त्याने रुमाल सोडून तोंड पुसलं आणि म्हणाला, "सोडे आठवड्यातून एकदा तरी चालतील."

"बघू," सफूरा म्हणाली.

पुढचं काम तिने हातात घेतलं आणि ते झपाट्याने झालं. चादरी पाण्याच्या टाकीच्या सावलीत ओढल्या. रमाताई मोठी चाळण घेऊन आल्या, आणखी दोघीजणी सुपं घेऊन आल्या, आणि संध्याकाळपर्यंत चाळून, पाखडून, गच्चीवर थट्टामस्करी करत त्यांनी दोन्ही गोण्या साफ केल्या. अब्दुल्लाला कडुलिंबाचा पाला आणायला पिटाळलं. तो आणतानाही त्याने इतका आणला की वॉचमनने विचारलं, झाड राहिलं का? अर्धा पाला तांदळात गेला, अर्धा परत खाली गेला.

कोठीतल्या न उघडलेल्या दोन गोण्या आणि तेलाचा एक डबा कमलाकरशेठनी परत घेतला. अब्दुल्ला निघताना त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि चहा पाजला. रमजान पंधरा-वीस दिवसांवर आला होता, तेव्हा साफ केलेल्या तांदळातली एक गोण आणि बरीचशी साखर मशिदीतल्या इफ्तारसाठी गेली. फिनेल सोसायटीने आनंदाने उचललं आणि पुढे कित्येक दिवस जिन्यात पाऊल ठेवलं की डोळे चुरचुरायचे. लेबलं मात्र सफूराने काढू दिली नाहीत. वाचायला बरी वाटतात, म्हणाली.

त्या आठवड्यात ती मच्छी आणायला निघाली तेव्हा अब्दुल्ला चपला घालून दारात उभा होता. मीही येतो, म्हणाला. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दोघं मिळून बाजारात कधी गेली नव्हती. रजेच्या दिवसांत घरी पाहुण्यांची ऊठबसच इतकी असायची. सफूराने फक्त एक अट घातली, की भाव विचारायचा नाही आणि किती घ्यायचं ते बोलायचं नाही. पिशवी धरायची. तो बरं म्हणाला.

बाजारात सोनाबाई नेहमीच्या जागी बसली होती. समोर पाटीत मांदेली, कोळंबी आणि चार बांगडे. ती सफूराला वीस वर्षं मच्छी देत होती. तिने आधी सफूराकडे पाहिलं, मग पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे.

"यो कोन गो?" तिने विचारलं.

"आमच्या घरी राहायला आलेत," सफूरा म्हणाली.

सोनाबाईने अब्दुल्लाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुजा मालक हाय? मस्कतवाला? मंग परत कवा जानार?"

मांदेली निरखण्यात गुंतल्यासारखं सफूराने केलं. शेवटी अब्दुल्लालाच बोलावं लागलं.

"नाही जाणार आता," तो म्हणाला.

"नाय जानार?" सोनाबाईने मांदेलीचा रोजचा लहान वाटा उचलला होता, तो हातात तसाच ठेवून सफूराला विचारलं, "मंग यो देऊ का मोठा देऊ?"

सफूराने अब्दुल्लाकडे पाहिलं. अट घातलेली होती, तो अगदी गप्प उभा होता. पिशवीचं तोंड मात्र त्याने दोन्ही हातांनी जेवढं उघडता येईल तेवढं उघडून धरलं होतं.

"मोठा दे," सफूरा म्हणाली.